मामेसासऱ्यांची भुतं आणि थोरलीचे डोळे

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यभर जितकी भुतं सांभाळली, तितकी नर्मदेकाठच्या सगळ्या स्मशानांनी मिळूनही सांभाळली नसतील. ही भुतं सिनेमातली. कबरीतून हात बाहेर येतो आणि नायिका नेमकी त्याच वेळी धबधब्याखाली आंघोळ करत असते, अशा जुन्या, स्वस्तातल्या भयपटांची पोस्टरं, टॉकीजबाहेरच्या काचेच्या कपाटात टाचलेले फोटो, गाण्यांच्या चोपड्या, चेटकिणींचे रबरी मुखवटे आणि सुळे बसवलेल्या कवळ्या. जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात मामा मालाची तपासणी करत. तिथे ते केसभर चूक खपवून घेत नसत म्हणे. व्हीसीआर आले, गावोगावच्या टॉकीजा बंद पडू लागल्या आणि हा सगळा ऐवज भंगारात जाताना पाहून मामांचा जीव कासावीस व्हायला लागला. त्याच सुमारास त्यांच्या भाचीशी माझं लग्न झालं आणि नागपूरहून माझी जबलपूरला बदली झाली. लग्नात मला त्यांची भाची मिळाली आणि त्यांना माझी स्कूटर.

रविवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच ते दारात उभे. "जावईबापू, काहून बसून राहिले? चला, शहपुऱ्याला एक चुडैल दिसली म्हणतात." शहपुऱ्याला एका आटाचक्कीच्या भिंतीवर ती खरोखरच होती, पंधरा वर्षांची ऊन-पावसाची, वर निवडणुकीचे आणि दंतमंजनाचे कागद चिकटवलेली. मामा शिडीवर चढून ओल्या फडक्याने एकेक कागद सोडवत होते आणि मी तीन तास शिडी धरून पिठाने पांढरा होत होतो. शेवटी चुडैल कमरेपर्यंतच निघाली. भिंतीचे पोपडे पाहून चक्कीवाला खवळला, तेव्हा मामा अत्यंत नम्रपणे म्हणाले, "भैया, हमारे दामाद साहब पुताई कर देंगे." आणि मी, केंद्र सरकारचा जबाबदार नोकर, ती भिंत चुन्याने रंगवून दिली. कमरेखालच्या चुडैलीच्या शोधात पुढे आणखी चार रविवार गेले, ते वेगळेच.

सिहोऱ्याच्या प्रकरणाची तर मला आजही लाज वाटते. तिथल्या बंद पडलेल्या टॉकीजमध्ये, कुठल्याशा सिनेमाच्या जाहिरातीसाठी दारात उभी केलेली एक शवपेटी होती. स्कूटरवर ती मावेना, म्हणून मला तिच्यासोबत बसने धाडायचं ठरलं; ती टपावर, मी खाली. बस थांबेल तिथे माणसं हात जोडत होती. कंडक्टरने माझ्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायचं नाकारलं आणि हळूच विचारलं, "मिट्टी किसकी है भैया?" मी म्हणालो, "खाली है." त्यानंतर माझ्या शेजारी जबलपूरपर्यंत कोणी बसलं नाही. घरी मामींनी त्या पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिच्यात गाद्या-रजया भरल्या. तेव्हापासून पाहुणे आले की रजई काढायला मलाच पाठवत.

आणि इतकं सगळं करणारा हा माणूस भित्रा होता हो! संडासात जायचं तर अंगणातला दिवा लावून ठेवा म्हणायचा. एकदा हट्टाने मला सकाळच्या खेळाला घेऊन गेले. पडद्यावर दार करकरलं मात्र, यांनी डोळे गच्च मिटले ते मध्यंतरापर्यंत. मग मला कळलं की जमवलेल्या शेकडो सिनेमांपैकी एकही त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "फोटोतलं भूत हलत नाही न, जावईबापू. त्याला नीट पाहता येते. बिचारं घाबरलेलं असते."

मामी हे सगळं चालवून घेत. त्यांची अट एकच होती: देवाच्या वस्तूंना हात लावायचा नाही. राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर मराठी मुलखात गेलं आणि आमची ही मंडळी इकडे हिंदी मुलखात राहिली. तेव्हापासून महालक्ष्म्यांचा सण घरात जरा जास्तच कडकपणे चालत आलेला. थोरली आणि धाकटी, दोघींचे शाडूचे मुखवटे मामांच्या आईने अमरावतीहून आणलेले. वर्षभर ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळून असत. त्या वर्षी आवाहनाच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं, दारापासून आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटली होती. मामींनी पेटी उघडली आणि खालीच बसल्या.

झालं होतं असं की, उन्हाळ्यात रबरी मुखवटे चिकट होतात म्हणून मामांनी एक चेटकीण या पेटीत ठेवली होती. माळ्यावरची ही एकच पेटी भिंतीच्या सावलीत, थंड. जबलपूरच्या मे महिन्यात तीही तापली. कापड बाजूला सरकलं आणि चेटकीण थोरलीच्या तोंडाला चिकटली. मामींनी ती सोडवली तशी थोरलीच्या चेहऱ्याचा रंग तिच्याबरोबर निघून आला. नाक राहिलं, ओठ थोडेसे राहिले, डोळे दोन्ही गेले.

मामी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "सासूबाईंनी माझ्या ओटीत घातल्या होत्या ह्या. दुपारी चारचा मुहूर्त आहे. तोपर्यंत थोरलीचे डोळे परत आले तर ठीक, नाही तर तुमची सारी भुतं तिलवाऱ्याला नेऊन नर्मदेत सोडीन. अन् पुढच्या वर्षीपासून या घरात महालक्ष्म्या बसणार नाहीत."

सणाच्या दिवशी चितारी कुठून मिळणार? मामांनी पोस्टरं दुरुस्त करायचा रंगाचा डबा काढला. फाटलेल्या पोस्टरांवर ते उडालेले डोळे पुन्हा काढत, पण ते सगळे हडळींचे. एक आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, हे तर लक्ष्मीची चुडैल करून राहिले!" मामांनी आंघोळ केली, सोवळं नेसले, मुखवटा मांडीवर घेतला आणि मला समोर आरसा धरायला सांगितला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आईचे डोळे माझ्यासारखेच होते."

चार तास मी आरसा धरून बसलो. शिडी धरली होती तसाच, पण एकदाही कुरकुर केली नाही. एकेक रेघ ओढून मामा थांबत, आरशात पाहत, पुन्हा कुंचला उचलत. चारला पाच मिनिटं असताना थोरलीचे डोळे परत आले. उजवा डाव्यापेक्षा थोडा मोठा झाला होता आणि तिची नजर थेट दारात उभ्या असणाऱ्यावर पडत होती. मामींनी बराच वेळ पाहिलं. मग मुखवटा पदरात घेतला आणि दाराकडे निघाल्या. भुतं वाचली.

मामांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मुंबईहून कोणी हौशी तरुण येऊन सगळा संग्रह घेऊन गेला, शवपेटीसुद्धा. आता रजया पलंगाखाली असतात आणि मला त्या काढायला कोणी सांगत नाही. माझे रविवार मोकळे झाले. त्या मोकळेपणाचं काय करायचं, हे मला अजून उमजलेलं नाही. महालक्ष्म्यांना मात्र आम्ही दर वर्षी जातो. गेल्या वर्षी पेटी मी उतरवली, थोरलीचा मोठा डोळा पाहिला आणि मामींना सहज म्हणालो, नागपूरला चांगला चितारी आहे, दोन्ही डोळे सारखे करून देईल.

मामींनी मुखवटा माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "टॉकीजमध्ये त्यांनी कधी डोळे उघडले नाहीत. हे तेवढे उघड्या डोळ्यांनी काढले."