मामाजींची फेरी आणि माझा प्रोग्रॅम

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या ऑफिसात नव्या मुलामुलींना इटरेटर, म्हणजे प्रोग्रॅमनं यादीवरून एकेक करत पुढे जायची रीत, शिकवत होते. यादी आत कशी साठवली आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, आपण दोनच प्रश्न विचारायचे, 'अजून कोणी आहे का?' आणि 'पुढचा कोण?'... एवढं बोलले आणि फोनवर मामेभाऊ, "ताई, बाबा गेले." फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं. पाच आठवडे झाले त्याला. आता लिहिते आहे, कारण एक गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवली आणि ती काही पचली नाही.

तुळशीराम मामाजी सौंदडजवळच्या माझ्या आजोळी गावतलावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी धानाच्या कोणत्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, कधी आणि किती वेळ सोडायचं, हे त्यांचं काम. चाळीसेक बांध्या, आणि सगळी यादी डोक्यात. लहानपणी मी त्यांच्या मागेमागे बांधावरून फिरायची. एखाद्यानं 'यंदा पाणी नको' असं आधीच सांगितलेलं असलं, तरी मामाजी त्याच्या बांधीवर जायचे, घटकाभर उभे राहायचे आणि मगच पुढे निघायचे. मला भारी नवल वाटायचं. "काऊन मामाजी? त्याले तं नकोच हाये ना!" तर म्हणायचे, "नको असन त्याले. मले पुढची बांधी सापडाले पायजे ना व! मधातून एकाले गाळलो का पुढचाही गळते." म्हाताऱ्याचा हेका, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि मी मोठ्या तोऱ्यात त्यांना प्रोग्रॅम करून दिला. प्रत्येक बांधी एक ऑब्जेक्ट, तिला मालकाचं नाव आणि पाण्याचे तास. प्रोग्रॅम यादीवरून एकेक करत जाणार आणि ज्याची पाळी त्याच्या मोबाईलवर आदल्या दिवशी मेसेज; पाणी ज्याचं त्यानं जाऊन सोडून घ्यायचं. मामाजी खाटेवर बसून बारीक बारीक विचारत होते. याले कसं समजते का कोणाचं झालं? थांबते कुठं? मी तासभर समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तं मी करूनच राहिलो ना बाप्पा इतके साल. पगार मातर तुले!"

मग व्हायचं ते झालं. ज्यानं 'नको' म्हटलं त्याचं नाव, पाळी येताच, चालत्या फेरीतच यादीतून काढून टाकायचं असं मी लिहिलं होतं. पण एक नाव काढलं की खालची सगळी नावं एकेक जागा वर सरकतात, आणि प्रोग्रॅम तर पुढच्या जागेवर गेलेला असतो. मधला माणूस राहून जातो. पहिल्या वर्षाला शिकवतात ही चूक, आणि बारा वर्षं नोकरी केलेल्या मी ती केली! एका बोअरवाल्यानं पाणी नको म्हणून कळवलं आणि त्याच्या नंतरच्या यशोदाबाई गळल्या. एकटी बाई, एकच बांधी. मेसेजची वाट पाहत राहिली. धान निसवायला आलेलं आणि बांधीला भेगा.

गावच्या बैठकीत लोक मामाजींवर तुटून पडले. "यादी माही, चूक माही," एवढंच ते बोलले. भाचीचं नाव काढलं नाही. मी नागपुरात एक ओळ दुरुस्त केली आणि गप्प बसले. लाज वाटते लिहिताना. त्या साली त्यांचं स्वतःचं धान बुडालं, तेव्हा फोनवर म्हणाले, "कीड लागली व." मीही ते खरं मानलं.

तेरवीला गेले तेव्हा आधी यशोदाबाईंच्या घरी गेले. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, चूक मामाजींची नव्हती, माझी होती. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"कोणाची चूक ते मी इचारलीच नाई कधी," त्या म्हणाल्या. "तुळशीरामभाऊची पाळी सगळ्यात आखरीची. त्यानं आपल्या वाटचं सारं पाणी माह्या बांधीत सोडलं. माहं धान झालं, त्याचं पोचट निंगालं. तुले नाई सांगतलं?"

मला रडू आवरेना. कीड म्हणे!

"या सालची फेरी चालू हाये," त्या म्हणाल्या, "तुह्या मशीनमंदी भाऊचं नाव हाये का अजून?"

"आहे. शेवटचं."

"काढजो नोको. त्याची पाळी आली का मेसेज मले पाठव."

मी पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मामेभावाचा फोन. "ताई, यशोदाकाकू बाबांच्या बांधीत पाणी सोडून राहिली हाये. आमी जातो म्हटलं तं आयकत नाई."

"कधीपासून?"

"सकाळपासून उभीच हाये बांधावर."