काचेपलीकडची सुरी

जावईबापूंना कंप्युटर कंपनीत बढती मिळाली, म्हणून त्यांनी मला बंजारा हिल्सच्या जपानी हॉटेलात नेलं. तेही ऐन श्रावणात! माझी नजर काचेपलीकडच्या आचाऱ्यावरून हटेना. कपाळाला पट्टी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार, आणि मासा कापला की सुरी नुसती फडक्याला पुसायची. त्याच सुरीने मी मागवलेल्या काकडी-भातातली काकडी कापली तर? मी उठून काचेला नाकच लावलं.

त्याने ओळखलं. खालून वेगळी सुरी काढून दाखवली आणि काचेवरून वाकून हळूच म्हणाला, "शक नक्को करो अम्मा. श्रावण में मैं बी मच्छी जबान पे नै रखता."

माझा जीव भांड्यात पडला. काकडी-भात मी चवीने खाल्ला.

मग जावईबापूंच्या ताटातल्या कच्च्या माशाकडे लक्ष गेलं. तो चाखला कुणी होता?