निपाणीची बस गाठता येते

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या वेबसाइटवर भेटायच्या वेळा शोधत होते. इमारतीचा फोटो सापडला, संचालकांचं हसरं मनोगत सापडलं, एकामागून एक सरकणारी चित्रं सापडली. पेशंटला कधी भेटू देतात तेवढं काही सापडेना. उद्या हे शैलालाच दाखवायचं, म्हणजे आजारपण विसरून ती मनसोक्त शिव्या घालील, असं मनात म्हणत होते... तेवढ्यात तिच्या सुनेचा आवाज. "मावशी, आई गेल्या."

शैला शहापूरची, हातमागवाल्या विणकरांच्या घरातली. विद्यापीठाच्या संगणक विभागात ती वेबसाइटची पानं करायची आणि मी होते मराठी विभागाची प्रमुख. वयानं थोडी मोठी, म्हणून तिची आक्का. नव्या खुर्चीत मी तेव्हा एवढी फुगले होते की दारातून आत कशी मावत असेन कोण जाणे! विभागाचं पान होणार म्हटल्यावर इरकल नेसून, शाल पांघरून, हनुवटीला बोट टेकवून स्टुडिओत फोटो काढून घेतला. सोबत लांबलचक मनोगत, आणि पानाच्या माथ्यावर तेवती समई हवी अशी मागणी. शैलानं फोटो निरखून पाहिला. "लई झ्याक आलाय गं आक्का. पन पोरी हे पान उघडणार ते तुला बघायला व्हय?"

खरं तर चेष्टेवारी नेण्यासारखं काही नव्हतं. एम.ए.ची बाकं रिकामी पडत चालली होती, आणि यंदा मुलं आली नाहीत तर वर्ग बंद, असं वरून बजावलं गेलं होतं. शैलाची रीत अशी, की कुठल्याही विभागाचं पान करण्याआधी प्रवेशाच्या खिडकीशेजारी स्टूल टाकून बसायचं आणि माणसं पहिल्यांदा काय विचारतात ते ऐकायचं. लोक आधी विचारतात ते पानावर आधी. याच हट्टापायी होमपेजवर तिनं कुलगुरूंचा फोटो खाली नेऊन निकाल वर आणला होता, आणि बोलणीही खाल्ली होती. आमच्या खिडकीशी निपाणीकडच्या बोरगावची एक आई लेकीला घेऊन आली. अभ्यासक्रम नाही, नोकरी नाही, तिनं विचारलं, "बाई, तास सुटल्यावर निपाणीची बस घावती का? अंधार पडला तर हिचा बा न्हाय पाठवायचा." मागच्या दोघीतिघींचंही तेच.

दोन दिवसांत पान तयार. सगळ्यात वर ओळ: 'शेवटचा तास साडेतीनला सुटतो. निपाणीची बस गाठता येते.' माझा फोटो तळाशी, नखाएवढा. मी तणतणत तिच्या खोलीत गेले. "हे विद्यापीठ आहे की बसस्टँड?"

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "आधी पोरी येऊ देत. मग दे तुझं ज्ञान... आन तास तेवढा येळंत संपीव."

तिथंच तर दुखणं होतं! शेवटचा तास माझाच, आणि मी एकदा संतकाव्यात शिरले की मला बाहेर काढायला शिपाई लागायचा. पण पानानं शब्द दिला होता. कुरकुरत का होईना, वेळेत थांबायला शिकले. पोरी आल्या; निपाणीच्या, सदलग्याच्या, बोरगावच्या. वर्ग राहिला. त्याचं श्रेय माझ्या मनोगताला देत मी एक-दोन भाषणंही ठोकली. शैला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची, जरा जास्तच जोरात.

गेल्या आठवड्यात विभागानं तिच्यासाठी सभा ठेवली. आताची प्रमुख त्याच पोरींमधली एक; ती ओळ तिनं पानावरून अजून हलू दिलेली नाही. बोलायला मी उभी राहिले. शैलाविषयी किती सांगू आणि किती नको, असं झालं होतं... हळूहळू बाकांवरून पिशव्यांच्या चेनी ओढल्याचे आवाज यायला लागले. पूर्वीची मी असते तर डोळे वटारले असते. घड्याळाकडं पाहिलं आणि वाक्य होतं तिथंच सोडलं.

"पळा गं," म्हटलं.

पोरी खरंच पळाल्या. फाटकाबाहेर बस थांबलेली दिसत होती. शेवटची चढेपर्यंत मी खिडकीतच उभी होते.