मी टाकून दिलेला शॉट

वर्गात माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीचा मला हेवा वाटायचा. ती माझ्या मुलीच्या वयाची होती, म्हणून हे लिहिताना जास्तच लाज वाटते.

मी मंचरमध्ये लग्नाचं शूटिंग करतो. स्वतःचा लहानसा स्टुडिओ आहे. अलीकडे गिऱ्हाईक ‘आम्हाला सिनेमॅटिक पाहिजे’ म्हणायला लागलं आणि मोबाईलवाली पोरं माझी कामं नेऊ लागली. म्हणून मी एका कॉलेजात शनिवार-रविवारच्या फिल्ममेकिंगच्या कोर्सला नाव घातलं. मनातून मात्र वाटत होतं की, मला हे काय शिकवणार? उलट ही पोरं मलाच विचारायला येतील.

सुरुवातीला आलीही. लाइट कुठून घ्यायचा, माईक कुठे लपवायचा, असं काहीबाही विचारायची. मग एडिटिंग सुरू झालं आणि पोरं माझ्या खुर्चीला वळसा घालून तिच्याकडे जायला लागली.

ती डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातली. घरी भात आणि नाचणी. तिच्याकडे कॅमेरा नव्हता. सगळं मोबाईलवर शिकलेली. कॉम्प्युटरवर बसली की माउसला हातही लावायची नाही, नुसत्या कीबोर्डवरच्या बोटांनी क्लिपा कापत, सरकवत जायची. मला मात्र एक कट द्यायला आधी चष्मा शोधावा लागायचा. तिचा कॉम्प्युटर हँग व्हावा म्हणून मी वाट बघायचो. एकदा खरोखर झाला. ती उठली, खिडकीशी उभी राहून भाजलेल्या शेंगा खाऊ लागली आणि त्यातल्या मूठभर माझ्यापुढे धरल्या.

“घ्या ना काका.”

शेंगा मी घेतल्या. ते ‘काका’ मला दिवसभर टोचत राहिलं.

मग सरांनी जोडीचं काम दिलं. दोघांनी मिळून शूटिंग करायचं. कुठलंही एक काम, सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. फुटेज दोघांचं एकत्र, पण फिल्म प्रत्येकाने आपापली कापायची. जोडीतली वर्गाला जी आवडेल ती कॉलेजच्या कार्यक्रमात दाखवणार. अट एकच: जे लोक फिल्ममध्ये दिसतात त्यांना आधी ती दाखवायची आणि त्यांची हरकत नसेल तरच पुढे जायचं. माझी जोडी तिच्याशी लागली. एकाच फुटेजच्या दोन फिल्म होणार म्हटल्यावर मला बरंच वाटलं. एकदाचा निकाल लागेल.

मी दादाची कांदाचाळ सुचवली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घर निमगाव सावाला. शेती त्याने आणि वहिनीने अंगावर घेतली म्हणून मी स्टुडिओ टाकू शकलो. हे मला पक्कं माहीत आहे आणि मी ते त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही. काढलेला कांदा हवा खेळणाऱ्या जाळीच्या चाळीत भरून ठेवायचा दिवस होता. मी मोठा कॅमेरा आणि ड्रोन घेऊन गेलो. ती मोबाईल घेऊन आली.

दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेजारचा एकजण ओरडला, “ए हिरो, पाटी उचल की! नुसता उभा ऱ्हायला आलाय व्हय?”

“तू गप रं. आदी ह्याला माझं तोंड घेऊ दे,” दादा म्हणाला आणि कॅमेऱ्यासमोर छाती काढून उभा राहिला.

वहिनी मात्र पदर तोंडाला लावून बाजूला झाली. “मला नगा घेऊ भावजी. अवतार बगा माझा.” मी घेतलं नाही.

लग्नाच्या व्हिडिओत एखाद्या आत्याचा चेहरा राहिला तर ती वर्षभर बोलत नाही. त्यामुळे आलेला प्रत्येक माणूस आला पाहिजे, ही माझ्या हाताला लागलेली सवय. माझ्या फिल्ममध्ये चुलते, भावकी, मजूर बायका, पिकअपचा ड्रायव्हर, सगळे आले. वरून ड्रोन फिरला, खाली ढोल-ताशा वाजला. वर्गाने टाळ्याही वाजवल्या.

मग तिची लागली. तिच्यात म्युझिक नव्हतं. कांदा पाटीतून चाळीत ओतताना जो कोरडा सळसळ आवाज होतो, तेवढाच होता. माणसंही मोजकीच. शेवटी एक लांबलचक शॉट होता. सगळे जेवायला गेलेले, चाळ भरलेली. वहिनी येते, पालथ्या क्रेटवर बसते, चप्पल काढून तळवा चोळते. थोड्या वेळाने दादा येतो आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसतो. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. तिच्या हातातला तांब्या तो घेतो, पाणी पितो, परत देतो. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. चाळीकडे बघत बसतात. मग ती उठते, आणि तिच्यामागून तो.

काहीतरी खोट काढायची म्हणून मी बोललो, “शेवटच्या शॉटचा फोकस जरा सॉफ्ट आहे.”

“काका,” ती म्हणाली, “तो शॉट तुमचाच आहे.”

सगळे हसले. तीही हसली, पण तिच्यात खवचटपणा नव्हता. खरं तर तो असता तर मला सोपं गेलं असतं. झालं असं होतं की, जेवायची हाक आली तेव्हा मी स्टँडवरचा कॅमेरा बंद न करताच निघून गेलो होतो. घरी ती क्लिप थोडीशी पाहिली, नुसत्या पाट्या पडताहेत म्हणून टाकाऊ फोल्डरमध्ये ढकलली. तिने ती शेवटपर्यंत पाहिली होती. माझे दादा-वहिनी, माझा कॅमेरा, आणि दिसलं ते तिला. त्या दिवसापासून माझा हेवा नुसता हेवा राहिला नाही, त्याला चव आली. कडू, पण मी ती चघळत होतो.

वर्गाने एकमताने तिची फिल्म निवडली. परवानगी तेवढी राहिली. घर माझं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

दादाला मी गोठ्याच्या सावलीत लॅपटॉप दाखवला. माझी फिल्म पाहून तो खूश झाला. “लई भारी! वरनं काय दिसतं रं आपलं रान!” मग मी तिची लावली. शेवटचा शॉट संपल्यावर तो हनुवटी खाजवत बसला.

“ही नगं दावू कुणाला. पार म्हातारा दिसतोय मी. पोराला बघाया पावणं यायचेत, काय म्हनतील?”

दादाला कसं पटवायचं हे मला लहानपणापासून येतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी ती दोन वाक्यं बोललो नाही. “तुझी मर्जी,” म्हणालो. वहिनी चहा घेऊन आली, म्हणाली, “काय बगताय? मलाबी दावा की.” मी लॅपटॉप मिटला. “कॉलेजचं काम आहे वहिनी. बॅटरी संपली.” परत येताना उसाच्या कडेकडेने गाडी चालवत होतो आणि मी चक्क गुणगुणत होतो.

वर्गात मी सांगितलं, भावाची हरकत आहे. सर म्हणाले, मग ही नाही दाखवता येणार, तुमची दाखवू. ती वाद घालत बसली नाही. फक्त म्हणाली, “आणि वहिनी काय म्हणाल्या? शॉट तर त्यांचाच आहे.”

“ती घरी नव्हती,” मी म्हणालो.

“मग आपण परत जाऊ या ना काका. मीच दाखवते त्यांना. बसने येईन मी.”

मी घाईने म्हणालो, “तू कशाला त्रास घेतेस? मीच जातो.” सगळ्यांना वाटलं, काका किती चांगले. ती आली असती तर वहिनीने बोलता बोलता त्या दिवशीच्या चहाचा विषय काढला असता आणि मी खोटा पडलो असतो. मी गेलो तो तेवढ्यासाठी.

वहिनी उंबऱ्यात लसूण सोलत होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर पाटावर ठेवला. शेवटचा शॉट आला तसा तिचा हात थांबला.

“परत लावा.”

मी परत लावला.

“नुसती बसलीय मी,” ती म्हणाली आणि हसली. “आन् ह्ये बी येऊन बसल्यात. मला वाटलं कुणी बघत न्हाई.” मग तिने दादाला हाक मारली. “अवं, ह्यो दावू द्या ना सगळ्यांना.”

“म्हातारा दिसतोय मी त्यात.”

“मंग? मुंडावळ्या बांदायच्यात का आता तुमाला?”

दादा खाली बघून हसायला लागला. “दाव रं बाबा. हिच्याम्होरं कुनाचं चाललंय!” वहिनीने माझी फिल्म दाखवायला सांगितली नाही. मीही ‘माझी बघ’ म्हणालो नाही, म्हणावंसं मात्र फार वाटलं.

अंगणात येऊन मी वर्गातल्या त्या मुलीला फोन केला. तिच्या घराकडे रेंज येते-जाते, म्हणून ती कुठेतरी चढावर उभी असावी. वाऱ्याचा आवाज येत होता. मी सांगितलं, दादा-वहिनी हो म्हणाले. ती ओरडली, कुणाला तरी हाका मारून सांगितलं, मग परत फोनवर आली.

“काका, तुमची फिल्म मागे ठेवून तुम्ही माझ्यासाठी परत गेलात. दुसरं कोणी गेलं नसतं. मी शेवटी कॅमेरा म्हणून तुमचं नाव टाकते, मोठ्या अक्षरात.”

मला तेव्हाही तिचा हेवाच वाटत होता. तिच्या त्या ओरडण्याचाही.

“टाक,” मी म्हणालो.

कार्यक्रमात ते नाव पडद्यावर आलं. लोकांनी माझे हात हातात घेतले, दादाने चारचौघांत माझी पाठ थोपटली. मी पहिल्यांदा परवानगी मागायला गेलो त्या दिवशी वहिनी घरी नव्हती, असं ती मुलगी अजूनही समजते.