केळीच्या पानावर राहिलेलं बूच

मालन परब म्हणजे वाकोल्याच्या चाळीतलं चालतंबोलतं वर्तमानपत्र. म्हणून तिच्या खालच्या जबड्यात लिंबाएवढी पाण्याची गाठ निघाली आणि तिने आतून हाड पोखरलंय असं कळलं, तेव्हा अख्ख्या चाळीचा जीव धसकला. पहिल्या डॉक्टरांनी अर्धा जबडाच काढायचं सांगितलं. चेहरा बिघडण्याचं मालनला फारसं काही वाटलं नाही, पण आपल्याला धड बोलता येणार नाही, या धास्तीने तिची झोप उडाली.

दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टर शर्मिष्ठा म्हणाल्या, घाई नको. तोंडातून गाठीला एक खिडकी करू. आतला दाब गेला की गाठ हळूहळू आकसेल, हाड भरत येईल, मग उरलेली गाठ सहज निघेल. खिडकी बुजू नये म्हणून त्यांनी मापाचं प्लास्टिकचं बूच बसवलं. ते जेवतानाही काढायचं नाही, फक्त धुण्यापुरतं काढायचं. आणि रोज पिचकारीने मिठाचं पाणी आत सोडायचं.

हे काम तिच्या नवऱ्याने, गुणाजीने, अंगावर घेतलं. जन्मात स्वतःचा चहाचा कप न विसळलेला माणूस सकाळ-संध्याकाळ पाणी कोमट करायचा आणि चष्मा लावून तिच्या तोंडात डोकावायचा.

"आ कर गे. पण बोला नको."

"माझा तोंड बंद करूची तुमका बरी संधी गावली," धुऊन झालं की ती म्हणायची. तो गालात हसायचा.

गणपतीत मात्र घोळ झाला. नैवेद्य दाखवून पानं मांडली, आणि मालनच्या मनात आलं, प्लास्टिक तोंडात धरून देवाचा प्रसाद कसा खायचा? तिने हळूच बूच काढून पानाच्या कडेला ठेवलं. जेवून हात धुवायला गेली, तेवढ्यात चाळीतल्या पोरींनी पानं उचलून कचऱ्याच्या पिंपात नेऊन टाकली.

"बूच पानावरच ऱ्हवला," ती गुणाजीला म्हणाली. सुट्टीमुळे दवाखाना बंद होता, आणि तो उघडेपर्यंत खिडकी आकसली तर सगळी मेहनत पाण्यात.

पूजेचं सोवळं नेसलेलाच गुणाजी पिंपापाशी उकिडवा बसला आणि एकेक पान उलगडू लागला. येणारेजाणारे थट्टा करत होते. त्याला ऐकूही येत नव्हतं. अखेर अळवाच्या भाजीत माखलेलं बूच हाती लागलं. त्याने ते घासूनपुसून स्वच्छ केलं, तिचं तोंड धुतलं आणि बूच जागेवर बसवलं.

"देव रागावलो तर माझ्यार रागावांदे," तो म्हणाला. "माका तू बोलणारी व्हयी."

पुढे हाड भरत आलं. उन्हाळ्यात डॉक्टरांनी उरलेली गाठ काढली. जबडा शाबूत राहिला. शुद्धीवर आल्यावर मालनने सुजल्या तोंडाने पहिला प्रश्न विचारला, "जेवलात काय?"

सकाळपासून उपाशी बसलेला गुणाजी म्हणाला, "आता जेवतंय." आणि सगळ्या वॉर्डादेखत ढसाढसा रडला.