म्हातारे द्या, पोरं घ्या

माझ्या साडूच्या वडिलांइतका क्रिकेटचा तिटकारा असलेला मराठी माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर तो निदान इंग्लंडात राहत नसेल. अर्धं आयुष्य मिल्टन कीन्समध्ये काढलेले हे गृहस्थ उन्हाळ्यात आमच्या गावच्या लाल पायवाटांवरून फिरायला निघतात आणि वाटेतल्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसली की सरळ वाट बदलतात. "त्यात बघायचं काय? सगळे नुसते उभे आहेत. बसस्टॉपवरही लोक उभे असतात, तिथे तिकीट काढून बघायला जातोस का तू?" असा त्यांचा मला कायमचा प्रश्न आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात भारत-इंग्लंड मॅचचा विषय निघाला की ते आपलं ताट उचलून बायकांमध्ये जाऊन बसतात. तिथेही तोच विषय निघाला तर लहान मुलांमध्ये. एकदा मुलांनीही दगा दिला, तेव्हा त्यांनी कोटांच्या खोलीत एकट्याने श्रीखंड संपवलं होतं.

या काकांचं सगळं प्रेम बेसबॉलवर. ऐन उमेदीत कंपनीने त्यांना काही वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. बाकीची माणसं तिकडून बचत आणि भलामोठा फ्रिज घेऊन परत आली, हे एक टीम घेऊन आले. टीमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते मोठ्याने उच्चारलं की टीम हरते अशी काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, ठाम समजूत होती. नाव न उच्चारताही ती हरतेच, हा भाग वेगळा. माझी मेहुणी त्या घरात सून म्हणून गेली तेव्हापासून मी बघतोय, टीम तळाला आहे. मेहुणी आणि साडू कार्डिफला हॉस्पिटलमध्ये नोकरीला, आणि आम्ही काकांपासून तीन राउंडअबाउटच्या अंतरावर. त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी, तिकडे दुपारची मॅच सुरू झाली की, त्यांच्या सोफ्यावर बसून हरण्याचा अनुभव घेणं हे नात्याने माझ्याकडे आलं.

आता त्या खेळाची एक रीत सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. तिकडे भर मोसमात, जुलैच्या अखेरपर्यंत, क्लब आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. हरणाऱ्या क्लबाने आपले जुनेजाणते खेळाडू जिंकणाऱ्याला द्यायचे, बदल्यात त्याची कोवळी पोरं घ्यायची, मग काही वर्षं मुकाट्याने मार खायचा आणि पोरं तयार झाली की जिंकायचं. याला रीबिल्ड म्हणतात. काका या पंथाचे कट्टर अनुयायी. "म्हातारे द्या, पोरं घ्या!" ही त्यांची घोषणा मी इतक्या वेळा ऐकलीय की ऑफिसात कुणी रिटायर होतंय म्हटलं की ती माझ्याही ओठांवर येते. मला पहिल्यांदा समजावून सांगताना ते म्हणाले होते, "अरे सोपं आहे. आपल्याकडे जुने कपडे देऊन भांडी घेतात ना दारावर, तसं."

त्यावर आतून काकूंचा आवाज आला होता. "दिली होती हो मी एकदा पुण्यात, चांगली जरीची साडी. काय आलं? पातेलं. आणि महिन्याभरात गळायला लागलं."

काकांनी ही रीत खेळापुरती ठेवली असती तर ठीक होतं. पण एका वर्षी मंडळाच्या सभेत उभं राहून त्यांनी ठरावच मांडला, की कमिटीतल्या समस्त ज्येष्ठांनी एका दमात राजीनामे द्यावेत आणि इथे जन्मलेल्या मुलांच्या हाती कारभार द्यावा. "पुढची काही वर्षं कार्यक्रम वाईट होतील. सहन करा. नंतर बघा," असं आश्वासनही दिलं. ज्येष्ठ मंडळी खुर्च्या उचलून उचलून इतकी थकली होती की ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. राजीनामा देणाऱ्यांत जेवणाच्या प्रमुख म्हणून काकूही होत्या. त्या वर्षी नव्या कमिटीने मोदकांऐवजी ब्राउनी आणल्या. काकूंनी ती ब्राउनी हातात धरून काकांकडे नुसतं पाहिलं. काकांनी आपली खाऊन संपवली आणि म्हणाले, "पोटेन्शियल आहे."

काकूंच्या राज्यात काहीही निवृत्त होत नसे. लग्नानंतर पुण्याहून आणलेला मिक्सर अजून चालू होता, म्हणजे चालू केला की आपण बाहेर जायचं. गाडीची खिडकी हाताने धरून बंद करावी लागे. अशा बाईला टीममधल्या म्हाताऱ्यांचा कळवळा येणार हे उघड होतं. तिकडची नावं तोंडात बसत नाहीत म्हणून त्यांनी सगळ्या खेळाडूंना घरगुती नावं दिली होती, आणि त्यांतला त्यांचा सगळ्यात लाडका होता गणू. गणू हा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे, तोंडाला जाळी बांधून, चेंडू झेलायला तासन्‌तास उकिडवा बसणारा माणूस. काकूंचे स्वतःचे गुडघे ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर होते, त्यामुळे गणू खाली बसला की त्याच "आई गं" म्हणायच्या.

तर रविवारचा खरा सामना सोफ्यावर व्हायचा. काका म्हणायचे, "गणूला देऊन टाकायला हवा. अजून त्याला भाव आहे."

"का? म्हातारा झाला म्हणून? तुम्ही नाही झालात?"

"मी खेळत नाही."

"मग तुम्हालाच देते मी कुणाला तरी. बघू बदल्यात काय येतंय."

"पातेलं येईल," काका म्हणायचे, आणि दोघंही माझ्याकडे बघायची, कारण निकाल मी द्यायचा असे. मी थालीपीठ तोंडात भरून सुटका करून घ्यायचो. काकूंचं म्हणणं एकच होतं. गणू पोरसवदा असताना या टीममध्ये आला, तो याच कपड्यांत घरी गेला पाहिजे. "माझी दुसरी काही मागणी नाही. जिंकू देत, हरू देत. पण गणूला दुसऱ्यांचे कपडे घालायला लावू नका," हे त्या काकांना अशा स्वरात सांगायच्या, जणू क्लब काकांच्याच मालकीचा आहे. काकाही मालकासारखेच "विचार करू" म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. सगळ्यांचं लक्ष गुडघ्यांकडे होतं, आणि त्या हृदयाने गेल्या.

दिवस झाल्यावर साडूचा कार्डिफहून फोन आला. त्याचा जन्म इथला, मराठी त्याचं स्वतःचं आहे. "लिसन, बाबा एकदम क्वाएट झालाय. तू संडेला जातोस ना, तर प्लीज, त्याच्याशी आर्ग्यू नको करू. जे बोलेल त्याला यस म्हण. आम्ही सगळे तसंच करतोय." आमच्याकडे दुःखातल्या मोठ्या माणसाला कुणी उलटून बोलत नाही. बोलायचं नसतं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. सगळ्या नातेवाइकांचं आणि मंडळाचंही यावर एकमत झालं. कुठल्याही बाबतीत एकमत झालेलं मंडळ मी तरी पूर्वी पाहिलं नव्हतं.

वसंतात मोसम सुरू झाला आणि मी सोफ्यावर जाऊन बसलो. काका म्हणाले, "गणूला आता देऊनच टाकायला हवा."

"बरोबर आहे, काका."

"नाहीतर उशीर होईल."

"होणारच."

त्यांनी जरा आवाज चढवला. "दोन पोरं तरी येतील बदल्यात."

"दोन काय, तीन येतील."

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "क्रिकेट हा तसा बरा खेळ आहे."

"तसा बराच आहे," मी म्हणालो.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेलो, तर ओट्याला टेकून उभे होते. "खरं सांग. डॉक्टर तुम्हा लोकांना माझ्याबद्दल काही बोलला आहे का? मुलगा हो म्हणतो, सून हो म्हणते, मंडळातला तो सदैव भांडणारा माणूस परवा हो म्हणाला. मी चाललोय का कुठे?" काही नाही हो काका, असं म्हणून मी त्यांना बाहेर आणलं. टीम हरली. त्यावरही आमचं एकमत झालं.

पुढे एका रविवारी मी दारात बूट काढत होतो तेवढ्यात ते म्हणाले, "गणूला का द्यायचा? काय वाकडं केलंय त्याने कुणाचं?"

मी बूट हातात धरून उभा राहिलो. "काका, तुम्हीच तर..."

"आजपासून तू माझ्या बाजूने बोलायचं. मी तिच्या बाजूने बोलतो."

"पण तुमचं मत तर उलटं आहे ना?"

"माझं मत मला पाठ आहे रे. मला तिचं ऐकायचंय," काका म्हणाले आणि टीव्ही लावायला वळले.

मग सुरू झालं. मी आयटीतला माणूस, दिवसभर मीटिंगमध्ये मान डोलावण्याची सवय, त्यात समोर वडीलधारा माणूस. माझ्याकडून भांडण काही रंगेना. काका मध्येच मला शिकवायचे. "इथे मी टेबलावर हात आपटायचो. आपट." मी आपटायचो. "एवढ्या हळू नाही. तिला ऐकू कमी यायचं." आणि मग ते स्वतः काकूंची बाजू मांडायला लागायचे, तशीच मान वेळावून, तशाच ठसक्यात. गंमत म्हणजे उन्हाळा चढत गेला तसे ते मनापासून बोलायला लागले. एकदा चेंडू टाकणारं नवं पोरगं पार गडबडलं, तेव्हा गणू आपले गुडघे सांभाळत उठला, त्याच्याजवळ चालत गेला, कानात काहीतरी म्हणाला आणि ते पोरगं हसलं. काका पुढे सरसावून बसले. "बघितलंस? हे आकड्यांत येत नाही. ती हेच सांगायची आणि मी तिला म्हणायचो, तुला खेळातलं काय कळतं." त्या दिवसापासून गणूने त्याच कपड्यांत घरी जावं ही मागणी खरोखरच काकांचीही झाली. जुलै जवळ आला तसे ते चहा पितानाही अदलाबदलीच्या बातम्यांचा टॅबलेट बाजूला ठेवीनासे झाले.

जुलैच्या शेवटाला, एका दुपारी, मी घरूनच काम करत असताना फोन आला. "ये," एवढंच बोलले. मी पोचलो तेव्हा ते जेवणाच्या टेबलापाशी बसले होते.

"गणूला दिला," ते म्हणाले.

"बदल्यात काय आलं?"

"दोन पोरं. चांगली आहेत. मी इतकी वर्षं म्हणत होतो तशीच."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही जिंकलात की, काका."

"जिंकलो." ते टेबलापाशीच्या दुसऱ्या खुर्चीकडे बघत राहिले. "ती असती तर आठवडाभर बोलली नसती माझ्याशी. ताट आपटून वाढलं असतं. अहो म्हणतानासुद्धा भिंतीकडे बघून म्हणाली असती. एकदा क्लबाने तिच्या आवडत्या माणसाला दिलं होतं, तेव्हा पंधरवडाभर अबोला होता. मला वाटायचं, किती छळतेय ही." मग म्हणाले, "अबोला बरा रे. अबोल्यात माणूस घरात तरी असतं."

मी चहा केला. तो फार वाईट झाला होता. काकांनी तो मुकाट्याने प्यायला, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

त्या रविवारी जावं की न जावं असं झालं होतं, पण गेलो. काकांनी गणूच्या नव्या टीमची मॅच लावली होती. "ही तिची टीम," ते म्हणाले. "आता घरात दोन झाल्या." गणू निळ्या कपड्यांत मैदानात आला, जाळी खाली ओढून उकिडवा बसला, आणि काका हळूच "आई गं" म्हणाले. थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं, म्हणाले, "निळा शोभत नाही त्याला."

हो काका, हे शब्द माझ्या तोंडात तयारच होते. पण का कोण जाणे, मी म्हणालो, "शोभतो की. जुन्या कपड्यांत उलट पोट दिसायचं."

काकांनी मान वळवली. "काय म्हणालास?"

"पोट दिसायचं. आणि काका, राग मानू नका, त्याला क्लबाने फार आधीच द्यायला हवा होता. उगाच ठेवून घेतला."

"राग मानू नको? तुला खेळातलं कळतं काय? काल बेसबॉल बघायला लागलास तू! दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून तुझं स्वतःचं पोट बघ आधी!" आणि काकांनी टेबलावर हात आपटला. मीही आपटला, या वेळी कुणी न शिकवता. मॅच संपेपर्यंत आम्ही भांडलो. कोण जिंकलं ते मला खरंच आठवत नाही. मी तसूभरही मागे हटलो नाही आणि काका लालबुंद झाले होते. निघताना दारापर्यंत आले ते फक्त मला "पुढच्या रविवारी येऊ नकोस" हे सांगायला. "येणार," मी म्हणालो. त्यांनी दार धाडकन लावून घेतलं.

मी पायरीवर बुटांची नाडी बांधत होतो. आतून काकांचा आवाज आला, चांगला मोठा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा. "ऐकलंस का? पोट दिसायचं म्हणे गणूचं!" मग ते थांबले. एखाद्या माणसाला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ थांबले, आणि पुन्हा भांडायला लागले.