केनवड लाइनचा राजपाल

मी रामकिसनभाऊंना एकदा नाही, दहादा सांगितलं होतं, "भाऊ, मशीनला माणसांची नावं देऊ नका." पण ऐकतील तर ते भाऊ कसले!

मालेगावात आमच्या शेठची फवारणी पंपांची एजन्सी आहे. मी शीला, तिथं बिलं करते. विक्रीचं सगळं भाऊंकडे. त्यांच्या हाताखाली तिघं होते, भाऊसिंग, बादल आणि राजपाल. रोज सकाळी तिघांच्या मोटरसायकली दारात लागायच्या आणि भाऊ पायरीवर उभे राहून कुणी कोणत्या गावांकडं फिरायचं ते हाका मारून सांगायचे. "भाऊसिंग, मानोरा लाइन. बादल, शिरपूर लाइन. राजपाल, केनवड लाइन." ज्याचं नाव येईल त्यानं "हाव भाऊ" म्हणायचं आणि किक मारायची. राजपाल मात्र लगेच निघेल तर शपथ. आधी भाऊंच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेणार, फुरफुर करत पिणार, मग गाडीला हात लावणार.

"तू सोताच्या लग्नात बी उशिराच पोचला असशीन," भाऊ म्हणायचे. पण बशी रोज स्वतःच पुढं सरकवायचे.

मागच्या वर्षी शेठनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात एजंट असतात. एजंट म्हणजे विमेवाला नव्हे बरं, माणूसच नव्हे. तो आपला आपण दुकानदारांना, शेतकऱ्यांना फोन लावतो, गोड बोलतो, ऑर्डर घेतो, नोंदी करतो आणि उद्या कुणाला फोन करायचा तेही ठरवतो. त्या नोंदी आधी मी करायचे, निम्म्या चुकायच्या. हा थकत नाही, सुट्टी मागत नाही, पेट्रोल मागत नाही. शेठ खूश! तिघांना घरी बसवलं. आणि ते सांगायचं काम कुणाच्या गळ्यात? भाऊंच्या. भाऊसिंग आणि बादल भांडले, रडले, पुढं निवळले. राजपालनं एजन्सीची बॅग टेबलावर ठेवली आणि गेला तो गेलाच. नंतर भाऊंनी किती फोन केले त्याला. उचलायचं नावच नाही.

एजंटांवर लक्ष ठेवायला भाऊंना तेवढं राहू दिलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, एजंटांना नावं काय द्यायची? या बाबानं काय करावं? भाऊसिंग, बादल, राजपाल! झालं. रोज सकाळी कॉम्प्युटरपुढं बसून हाका सुरू. "राजपाल, केनवड लाइन." कॉम्प्युटर कशाला ओ देतो? भाऊंच्या कपात अर्धा चहा राहायचा, त्यावर साय यायची. मला तो कप विसळताना जीव नकोसा व्हायचा.

मग व्हायचं तेच झालं. खरा राजपाल राहतो केनवडलाच, घरची शेती करतो. शेतकऱ्यांच्या यादीत त्याचाही नंबर. एजंटनं त्यालाच फोन लावला! नोंद दिसली तसं भाऊंनी रेकॉर्डिंग लावलं.

"नमस्कार. मी राजपाल, मालेगावच्या एजन्सीचा कॉम्प्युटर सहायक. केनवड लाइन मी पाहतो."

पलीकडून आमच्या राजपालचा आवाज आला, "कोण पाह्यते केनवड लाइन?"

"मी, राजपाल."

"बरं... सुंदरबाईच्या दुकानात बोलला काय?"

"हो, आज सकाळी त्यांनी नोझलची ऑर्डर दिली."

"तिचा गुडघा कसा हाये आता?"

"ती माहिती माझ्याकडे नाही."

"अन् रामकिसनभाऊ? चहा पुरा पेतात का आता?"

"तीही माहिती माझ्याकडे नाही."

फोन बंद झाला. इतक्या महिन्यांनी भाऊंनी त्याचा आवाज ऐकला होता. त्याचं ते चहाचं वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा लावलं. मग एकदम उठले.

"शीला, त्याचं काम घेतलं, अन् आता नाव बी घेतलं. तो काय म्हणत असन मले?" असं म्हणून त्यांनी ते नाव पुसलं आणि तिथं नुसतं 'केनवड एजंट' लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी राजपाल दारात हजर. मी घाबरले, म्हटलं आता होतं भांडण.

"माहं नाव काहून काढलं, भाऊ?"

"तुले राग आला असन म्हनून..."

"राग कायचा? काल मीनं एजन्सीत फोन लावला. म्हटलं, राजपालले द्या. तं तो कॉम्प्युटर म्हणते, इथं राजपाल नावाचं कोणी नाही." त्यानं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "मलेच सांगून राह्यला, भाऊ! नोकरी गेली तं गेली. नाव तं केनवडले जाऊन राह्यलं होतं."

भाऊ खुर्ची ओढून बसले आणि एका बोटानं नाव पुन्हा टाकलं. राजपाल त्यांच्या पाठीशी उभा राहून शेवटच्या अक्षरापर्यंत बघत होता. मी चहा ठेवला. भाऊंनी बशी सरकवली. त्यानं अर्धा कप ओतून उभ्याउभ्याच फुरफुर प्यायला.

"बस ना," भाऊ म्हणाले.

"नाही भाऊ. वावरात मजूर लागले हायेत."

तो दारापर्यंत गेला. भाऊंनी मान वर केली नाही. कॉम्प्युटरकडे बघतच, पण पायरीवरून द्यायचे तशी खणखणीत हाक दिली, "राजपाल, केनवड लाइन!"

दारातून उत्तर आलं, "हाव भाऊ."